अंदाज गावात आला, तज्ज्ञ जिल्ह्यातून गेला

परिसंस्था आणि पर्यावरण निरीक्षण हा विद्यापीठातील पदव्युत्तर अभ्यासाचा विषय. त्याचा आपल्या शेताशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. मात्र तुमच्या मंडळात किती पाऊस झाला, बोंडअळीचे पतंग कधी वाढले, विहिरीची पातळी किती खाली गेली, हे मोजणारी आणि त्या मोजणीचा अर्थ लावणारी माणसे याच अभ्यासातून तयार होतात. गेल्या काही वर्षांत यंत्रे, ॲप आणि संदेश वाढले. त्याच काळात ही माणसे जिल्ह्यातून कमी झाली. याचा परिणाम तुमच्या पेरणीपासून नुकसानभरपाईपर्यंत होतो. तो कसा, आणि आपण काय करू शकतो, ते पाहू.

काय बदलले?

घटनाक्रम आधी नीट लावून घ्या.

- २०१८ नंतर ग्रामीण कृषी मौसम सेवेत देशातील १९९ जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू झाली. प्रत्येक ठिकाणी कृषी हवामानाचा एक विषय विशेषज्ञ आणि एक निरीक्षक, अशी रचना होती. तालुक्याचा अंदाज घेऊन तेथील पिकांनुसार सल्ला लिहिणे हे त्यांचे मुख्य काम.
- फेब्रुवारी २०२४ अखेर ही सर्व १९९ केंद्रे बंद झाली. त्यांत महाराष्ट्रातील केंद्रेही होती. आता विभागीय पातळीवरील सुमारे १३० कृषी हवामान क्षेत्र एकके हे काम पाहतात. ती प्रामुख्याने कृषी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांमध्ये आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येणारी पत्रिका त्यांच्याकडून येते. एका एककाकडे अनेक जिल्हे असतात.
- ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायत पातळीवरचा पाच दिवसांचा हवामान अंदाज सुरू केला. तो ‘मेरी पंचायत’ ॲप आणि ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर मिळतो.
- मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. पूर्वीचे प्रारूप सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देत होते. नव्याची चौकट ६ किलोमीटरची आहे.
- २०२५ च्या खरिपात १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित मॉन्सून आगमनाचा अंदाज मोबाईल संदेशाने पाठवला गेला.

म्हणजे ज्या वर्षी अंदाज ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचला, त्याच वर्षी तो पिकाला लावून सांगणारा तज्ज्ञ जिल्ह्यातून गेला. अंदाजाची चौकट लहान झाली ही चांगलीच गोष्ट आहे. पण ६ किलोमीटरची एक चौकट म्हणजे ३६ चौरस किलोमीटर, म्हणजेच ३,६०० हेक्टर. त्यात माळावरची हलकी जमीन येते, नदीकाठची भारी जमीन येते, ऊस येतो आणि जिरायती तूरही येते. आकडा सगळ्यांना एकच मिळतो, निर्णय मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

एक आकडा, चार निर्णय

समजा, मोबाईलवर संदेश आला: ‘पुढील दोन दिवसांत ३० मिलिमीटर पावसाची शक्यता.’ आता हा संदेश वेगवेगळ्या शेतात काय सांगतो ते पाहा.

- पेरणीची वाट पाहणारा सोयाबीन उत्पादक: कोरड्या जमिनीत ३० मिलिमीटर पाऊस वरचा थर भिजवतो, खाली ओल जात नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत थांबा, ही शिफारस अशाच वेळेसाठी आहे. पहिल्या सरीवर पेरले आणि पुढे खंड पडला, तर दुबार पेरणीचा खर्च बसतो.
- फुलोऱ्यातील जिरायती तूर: जमिनीत ओल कमी असेल तर हाच पाऊस वरदान. मात्र त्यानंतर ढगाळ हवामान टिकले, तर शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी शेत बारकाईने तपासावे लागते.
- कापून ढीग लावलेले सोयाबीन: येथे तासांचा हिशेब आहे. ढीग उंचवट्यावर आहे का, ताडपत्री आहे का, मळणी यंत्र आज मिळते का, एवढेच प्रश्न महत्त्वाचे.
- द्राक्ष बाग: पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा पाने किती तास ओली राहिली, हे केवड्यासाठी अधिक महत्त्वाचे. ५ मिलिमीटरची रिमझिम रात्रभर टिकली, तर ती ३० मिलिमीटरच्या तासाभराच्या सरीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते.

हा अर्थ लावण्यासाठी पिकाची अवस्था, जमिनीची खोली, मागील दहा दिवसांचा पाऊस आणि किडीचा जीवनक्रम एकत्र पाहावा लागतो. कृषी हवामानशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षे हेच शिकतो. बाष्पीभवन, जमिनीतील ओलाव्याचा ताळेबंद, पीक-हवामान प्रारूपे, कीड-रोगांचा हवामानाशी संबंध आणि मोजमापाची उपकरणे हे त्याच्या अभ्यासातील मुख्य घटक आहेत.

नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेने २०२० मध्ये अशा सल्ल्याच्या फायद्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरडवाहू भागातील दारिद्र्यरेषेखालील शेतकरी कुटुंबांना अंदाज आणि सल्ल्यामुळे वर्षाला सुमारे १२,५०० रुपयांचा लाभ होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. ही रक्कम एखाद्या लहान शेतकऱ्याच्या बियाणे-खताच्या खर्चाला मोठा आधार ठरते. अंदाज कळल्यावर शेतकऱ्याने पेरणी, फवारणी, पाणी किंवा काढणीची वेळ बदलली, म्हणून हा लाभ झाला. नुसता आकडा कळून तो होत नाही.

पुण्यातून सुरू झालेले शास्त्र

हे शास्त्र आपल्याकडे बाहेरून आज आलेले नाही. भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामानशास्त्र विभाग १९३२ मध्ये पुण्यात सुरू झाला. डॉ. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख होते. जमिनीलगतच्या हवेचे तापमान मोजताना त्यांना एक वेगळी गोष्ट आढळली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकून असते, असा तोपर्यंतचा समज होता. प्रत्यक्षात ती काही वेळा जमिनीपासून थोड्या उंचीवर, म्हणजे नेमकी लहान रोपांच्या उंचीवर असते. हवामानशास्त्रात हा थर आजही रामदास यांच्या नावाने ओळखला जातो.

यात आपल्यासाठी साधा धडा आहे. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. तुमच्या हरभऱ्याच्या किंवा भाजीपाल्याच्या रोपाच्या उंचीवर थंडी वेगळी असू शकते. केंद्राचा आकडा आणि पिकाने सोसलेली थंडी यांत फरक असतो. तो फरक ओळखणे हेच शिक्षित निरीक्षकाचे काम.

६५ मिलिमीटरचा प्रश्न

मोजणीचा सर्वांत थेट संबंध येतो तो मदतीशी. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते. पुढे पंचनाम्यात ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान आढळले, तर मदतीचा मार्ग खुला होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर भागात पुराने केलेले नुकसान आपण पाहिले. अशा वेळी आपल्या मंडळाचा आकडा काय आला, याकडे प्रत्येक गावाचे लक्ष असते.

हा आकडा कोठून येतो? ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातील महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पाऊस, तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा तेथे नोंदली जाते. ही व्यवस्था उपयुक्त आहे. पूर्वी तालुक्याला एखाद-दुसरा पर्जन्यमापक असे, आता मंडळाचा आकडा मिळतो. पण एका मंडळात अनेक गावे असतात आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस दोन-तीन किलोमीटरवर बदलतो. तुमच्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि केंद्रावर ४० मिलिमीटर नोंदला गेला, असे प्रत्यक्षात होऊ शकते. त्यात यंत्राचा दोष असेलच असे नाही.

काही वेळा मात्र दोष यंत्राचा किंवा जागेचा असतो. त्याची नेहमीची कारणे अशी:

- पर्जन्यमापकाजवळ झाड वाढणे किंवा इमारत उभी राहणे. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर मोकळे हवे, हा साधा नियम.
- नरसाळ्यात पालापाचोळा, माती किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकणे.
- स्वयंचलित पर्जन्यमापकातील लहान पलटी खाणारी पात्रे फार जोराच्या पावसात मागे पडणे आणि कमी पाऊस नोंदवणे.
- बॅटरी किंवा संदेशवहन बंद पडून ‘नोंद नाही’ ऐवजी ‘शून्य पाऊस’ असे दिसणे.

या चुका कार्यालयात बसूनही बऱ्याच प्रमाणात पकडता येतात. दिवसभर आर्द्रता ९५ टक्क्यांवर, तापमान खाली आलेले, शेजारच्या तिन्ही मंडळांत ५० मिलिमीटर पाऊस आणि याच केंद्रावर शून्य, असे दिसले तर ते केंद्र तपासायला हवे. एखाद्या केंद्राचा संपूर्ण हंगामातील साचत गेलेला पाऊस शेजारच्या केंद्रांशी ताडून पाहिला, तर कोणत्या तारखेपासून ते कमी मोजू लागले हेही कळते. ही पद्धत पदव्युत्तर अभ्यासात शिकवली जाते. तिला महागडे साधन लागत नाही. आकड्यांकडे दररोज पाहणारा, हे शिकलेला माणूस लागतो.

किडींच्या मोजणीनेही हेच शिकवले

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प सुरू झाला. गावोगावची निश्चित शेते, ठरलेल्या दिवशी निरीक्षण, ठरलेल्या पद्धतीने मोजणी आणि त्यावरून सल्ला, अशी त्याची बांधणी होती. यातील प्रत्येक पायरी परिसंस्थेच्या अभ्यासातून आलेली आहे.

आर्थिक नुकसान पातळी हा शब्द आज अनेक शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. कपाशीतील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घ्या. सलग तीन रात्री प्रत्येक कामगंध सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ झाली. एकरातून कोठलीही २० हिरवी बोंडे तोडून उघडली आणि दोनांत अळी निघाली, म्हणजे १० टक्के प्रादुर्भाव. तेथेही निर्णयाची पातळी आली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यात मोठे नुकसान केले. बोंड बाहेरून निरोगी दिसते, त्यामुळे मोजणी न करणाऱ्याला वेचणीपर्यंत पत्ताच लागत नाही.

२०१८ मध्ये मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. नवी कीड आली की तिची ओळख पटवणे, तिच्यावर येथील कोणते मित्रकीटक जगतात ते शोधणे आणि कोणत्या हवामानात ती वाढते ते पाहणे ही कामे ॲप करत नाही. ॲपला आधी कोणीतरी हे शिकवावे लागते. पानावर ढालकिडे भरपूर असताना मावा दिसला म्हणून फवारणी करावी का, हा निर्णय शत्रूकीटक आणि मित्रकीटक दोन्ही मोजल्याशिवाय घेता येत नाही.

विहिरीची पातळीही मोजावी लागते

पुण्यात मुख्यालय असलेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये, मग जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत. ऑक्टोबर आणि मे या दोन नोंदींतील फरकावरून आपण किती पाणी उपसले याचा अंदाज येतो. अनेक वर्षांच्या ऑक्टोबरच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर पावसाने विहीर पूर्ववत भरते की दरवर्षी थोडी कमी भरते, तेही कळते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे गाव पातळीवर करून दाखवले. पावसाची नोंद, उपलब्ध पाण्याचा ताळेबंद आणि त्यावरून यंदा कोणती पिके घ्यायची याचा ग्रामसभेतील निर्णय, असा त्यांचा क्रम आहे. त्यात गुंतागुंतीचे यंत्र नाही. नियमित मोजणी आहे आणि आकडा मान्य करण्याची गावाची तयारी आहे.

पाण्याचे प्रमाण मोजतो तशी प्रतही मोजली पाहिजे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नत्रयुक्त खतांचा अतिवापर आणि विहिरीजवळचे शेणखताचे उकिरडे यांमुळे ती ओलांडली जाऊ शकते. नायट्रेटला वास नाही, रंग नाही. तपासणीशिवाय ते कळत नाही.

‘यंत्र आहे, मग माणूस कशाला?’

जिल्हा केंद्रे बंद करण्याच्या चर्चेत हा मुद्दा पुढे आला होता. माहिती आता आपोआप गोळा होते, मग ती गोळा करायला पगारी माणूस कशाला? हा मुद्दा पूर्ण टाकून देण्यासारखा नाही. नोंदवहीत अंदाजे आकडे भरणाऱ्या निष्काळजी निरीक्षकापेक्षा चालू स्थितीतील यंत्र केव्हाही बरे. जिल्हा केंद्रांच्या पत्रिकांतही काही वेळा तोच मजकूर आठवड्यामागून आठवडे फिरत असे. अनेक शेतकऱ्यांपर्यंत त्या पोहोचतही नव्हत्या. या उणिवा मान्य केल्या पाहिजेत.

पण या युक्तिवादात दोन वेगळी कामे एकत्र केली गेली आहेत. आकडा गोळा करणे हे एक काम. तो बरोबर आहे का हे तपासणे आणि पिकाला लावून सांगणे हे दुसरे. पहिले काम यंत्राकडे गेले, हे योग्यच झाले. त्यामुळे दुसरे काम वाढले आहे. पूर्वी तालुक्यातून दिवसाला एक आकडा यायचा, आता प्रत्येक मंडळातून दिवसभर आकडे येतात. ते पाहणार कोण? सल्ला पोहोचत नव्हता, तर तो पोहोचवण्याची सोय करायला हवी होती. सल्ला लिहिणाराच काढून टाकणे हे त्यावरचे उत्तर नव्हे.

याचा एक लांबचा परिणामही आहे. जिल्हा केंद्रांतील विशेषज्ञ कंत्राटी होते. दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर काही वर्षांचा अनुभव, आणि एका आदेशाने नोकरी संपली. हे पाहिलेला कृषी पदवीधर पुढे कृषी हवामानशास्त्र का निवडेल? तो स्पर्धा परीक्षेकडे किंवा निविष्ठा विक्रीकडे वळेल. आणखी पाच-सात वर्षांनी शासनाला ही माणसे हवी झाली, तर ती लगेच मिळणार नाहीत. यंत्र निविदा काढून काही महिन्यांत बसवता येते. एखाद्या जिल्ह्याची जमीन, पिके आणि हवामान ओळखणारा माणूस तयार व्हायला अनेक हंगाम लागतात.

मुलांना या शाखेत पाठवायचे असेल तर

घरातील मुलगा किंवा मुलगी कृषी किंवा विज्ञानाची पदवी घेत असेल, तर पुढील माहिती उपयोगी पडेल.

- कृषी पदवीधरांसाठी: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांच्या व्यवस्थेत कृषी हवामानशास्त्र, कीटकशास्त्र, मृदविज्ञान, वनस्पती रोगशास्त्र अशा शाखांतून निरीक्षणाकडे जाता येते. कोणत्या महाविद्यालयात कोणती शाखा आहे, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. प्रवेश महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होतात. देशपातळीवर भारतीय कृषी संशोधन परिषदेची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा असते. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पर्यावरणशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे.
- विज्ञान पदवीधरांसाठी: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ येथे पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते.
- पुढची वाट: कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाच्या नेट परीक्षेत कृषी हवामानशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र हे स्वतंत्र विषय आहेत. विमा कंपन्या, खासगी हवामान सेवा आणि पाणलोट क्षेत्रातील संस्थांतही काम मिळते. कायम सरकारी पदे कमी आहेत. हे मुलांना प्रवेशाआधी स्पष्ट सांगावे.

महाविद्यालय निवडताना इमारतीपेक्षा तीन प्रश्न विचारा. वेधशाळा चालू आहे का आणि तेथील नोंदी विद्यार्थी स्वतः घेतात का? प्रबंधाचे काम शेतकऱ्यांच्या शेतावर करता येते का? आकडे तपासणे, नकाशे आणि संगणकीय विश्लेषण प्रत्यक्ष हाताने शिकवले जाते का? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पदवी मिळेल, पण काम येणार नाही.

प्रबंध गावात का येऊ नये?

कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावात येणारे विद्यार्थी आपण ओळखतो. ते पदवीचे असतात. पदव्युत्तर विद्यार्थी मात्र बहुतेक वेळा विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर काम करतो. कृषीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ७० पैकी ३० श्रेयांक संशोधनाचे असतात. म्हणजे जवळपास निम्मे शिक्षण प्रबंधातच आहे. यातील काही प्रबंध एखाद्या तालुक्यातील सर्व हवामान केंद्रांची जागा आणि नोंदी तपासण्यावर व्हावेत. काही एखाद्या मंडळातील बोंडअळी आणि हवामानाच्या संबंधावर, काही विहिरींच्या पातळीवर व्हावेत. विद्यार्थ्याला खरे काम मिळेल आणि तालुक्याला कायमस्वरूपी उपयोगी नोंद मिळेल. यासाठी नवी योजना लागत नाही. विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी कार्यालय यांनी विषय ठरवताना एकत्र बसणे पुरेसे आहे.

धोरणाची मागणीही स्पष्ट असावी. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात कृषी हवामानाचे एक कायम पद असावे. मंडळातील हवामान केंद्रांची हंगामाआधी तपासणी होऊन तिचा अहवाल गावासाठी खुला असावा.

आत्ता काय करता येईल?

*शेतकऱ्यांनी:*

- घराजवळ मोकळ्या जागी साधा पर्जन्यमापक लावा. तो नसेल तर सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा चालतो. पट्टीने मोजलेली पाण्याची उंची म्हणजेच मिलिमीटर.
- रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा मोजतात. पाऊस नसेल त्या दिवशी ‘०’ लिहा, जागा रिकामी सोडू नका.
- १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे ४ हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे सुमारे २ लाख ६३ हजार लिटर. शेततळे आणि चर काढताना हा हिशेब उपयोगी पडतो.
- तुमची नोंद शासकीय पुरावा ठरत नाही. पण केंद्राच्या आकड्यात आणि गावातील पाच-सहा जणांच्या नोंदींत सतत मोठा फरक दिसला, तर तारीखवार तक्ता जोडून तहसील आणि तालुका कृषी कार्यालयाला लेखी अर्ज देता येतो. तोंडी तक्रारीपेक्षा त्याला वजन असते.
- विहिरीची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत दोरीने मोजून त्याच वहीत लिहा. पंप बंद ठेवून, सकाळी मोजा.

*कृषी सहाय्यक आणि विस्तार कार्यकर्त्यांनी:*

- अंदाज जसाच्या तसा गटावर पाठवू नका. त्याखाली दोन ओळी जोडा: सध्या गावात कोणते पीक कोणत्या अवस्थेत आहे आणि या अंदाजात काय करू नये. ‘काय करू नये’ हा भाग अनेकदा जास्त पैसे वाचवतो.
- मंगळवार-शुक्रवारच्या पत्रिकेत आपल्या तालुक्याला न लागणारे काही आढळले, तर संबंधित विद्यापीठाच्या एककाला कळवा. शेतावरून माहिती गेली नाही, तर पत्रिका सर्वसाधारणच राहणार.
- मंडळातील हवामान केंद्राला हंगामाआधी एकदा भेट द्या. भोवतीचे झाड, गवत, कुंपण यांचे तारखेसह छायाचित्र घेऊन वरिष्ठांना पाठवा.
- कामगंध सापळ्यांची मोजणी गावातील तरुणांना शिकवा. फलकावर दर आठवड्याचा आकडा लिहा.

येत्या ग्रामसभेत एक प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या: आपल्या मंडळाच्या पावसाचा आकडा कोण तपासतो, आणि तो चुकला तर कोणाला सांगायचे? उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न ठरावाच्या रूपाने तालुक्याला पाठवा.